वेलास्कोसाहेबांचा सत्कार

इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबाच्या स्पॅनिश मॅनेजरचा बजाजनगरच्या मैदानावर, शाल-श्रीफळ आणि हवालदारांच्या उपस्थितीत जाहीर सत्कार झाला आणि त्या बिचाऱ्याला त्याचा अजून पत्ता नाही, असं मी सांगू लागलो की लोक माझ्याकडे फार मायेनं बघतात. निवृत्तीनंतर माणसाचं असं होतं, अशी त्यांची समजूत असते. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

पहिल्यापासून म्हणजे हिमानीच्या लग्नापासून. हिमानी आमची एकुलती एक. वाळूजला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथलाच विश्वजीत औताडे तिला पसंत पडला आणि एका संध्याकाळी तिनं ते आम्हाला सांगितलं. आम्ही हरकत घेतली नाही. ह्यात माझ्या मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून जन्म काढलेल्या माणसाला 'मान्यतेसाठी सादर' आणि 'माहितीस्तव सादर' ह्यातला फरक आवाजावरून कळतो. हिमानी माहितीस्तव सादर करत होती.

मला काळजी होती ती बैठकीची. मुलाचे वडील रामकिसन औताडे. पैठणकडचे, घरची मोसंबीची बाग, स्वतः वाळूजच्या एका कंपनीत टूलरूममध्ये, घर बजाजनगरात. माणूस सरळ, पण बोलणं फार कमी, असं कळलं होतं. आता अशा माणसाशी मी बोलायचं काय? मला बागेतलं कळत नाही, मशीनमधलं कळत नाही. त्यांना फायलीतलं कळायचं काही कारण नाही.

"पाऊसपाण्याचं बोला," आमची उमा म्हणाली.

"जानेवारीत?"

"बाबा, ते एकाच विषयावर बोलतात," हिमानी म्हणाली. "एल्डरमूर."

मला वाटलं, हा जालन्याकडचा एखादा तालुका असेल आणि तिथं त्यांचे कुणी पाहुणे असतील. तो निघाला इंग्लंडमधला फुटबॉल क्लब. बजाजनगरात त्याचे चाहते आहेत, ते दर सामन्याला एका पत्र्याच्या व्यायामशाळेत जमतात, आणि रामकिसनराव त्या मंडळींतले सगळ्यांत जुने.

झालं. एका चहापुरतं फुटबॉल शिकायचं, एवढाच माझा बेत होता. एका चहापुरता!

मी मोबाइलवर एल्डरमूरचे सामने बघायला बसलो. जांभळे सदरे घातलेली पोरं इकडून तिकडं हिंडत होती. गोलकीपर चेंडू शेजारच्याला द्यायचा. शेजारचा त्याच्या शेजारच्याला. तो जरा पुढं जाऊन, काहीतरी आठवल्यासारखं करून पुन्हा गोलकीपरला. उमा मटार सोलत बघत होती.

"हा कडेला उभा राहून हातवारे करतो तो कोण?"

"तो मॅनेजर. त्यांचा गुरुजीच म्हण. वेलास्को."

"वेलसकर?" उमानं मटार बाजूला ठेवले. "आपल्यातले का?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे खंडाळकर आले. खंडाळकर ह्यांचा कुठल्याही विषयाचा अभ्यास नाही, त्यामुळे सगळ्याच विषयांवर ते मोकळेपणानं बोलू शकतात. त्यांनी माझी अडचण ऐकली आणि उभ्या उभ्या सल्ला दिला.

"नुसती मान हलवू नका, जिंतूरकर. मुलीकडचे असलात म्हणून काय झालं? स्वतःचं एक मत ठेवा. मत असलेल्या माणसाला वजन असतं."

"पण मत काय ठेवू?"

"मॅनेजर नालायक आहे म्हणा. अहो, जगात कुठल्याही टीमचे लोक मॅनेजरवर खूश नसतात. हे मत कधी चुकत नाही."

मला ते पटलं. शिवाय वेलास्कोच्या खेळाबद्दल एक वाक्य मला आपोआप सुचलंही होतं. ते मी आरशासमोर दोन-चार वेळा म्हणून बघितलं. चांगलं वाटत होतं.

बैठकीच्या दिवशी रामकिसनरावांच्या घरी आमचं छान स्वागत झालं. सरूबाई, म्हणजे विश्वजीतची आई, पोह्यांवर पोहे वाढत होत्या. उमाचं आणि त्यांचं पहिल्या पाच मिनिटांतच जमलं. हिमानी आणि विश्वजीत एकमेकांकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होते. रामकिसनराव समोर ताठ बसले होते. पांढरा शर्ट, पांढऱ्याच मिशा. मी बोललो नाही, ते बोलले नाहीत. पंखा बोलत होता.

शेवटी मी घसा साफ केला. "एल्डरमूरचं यंदा काही खरं नाही," मी म्हणालो.

रामकिसनरावांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "तुम्ही बघता?"

"बघतो की!" आता मला थांबायला हवं होतं. पण वाक्य तयार होतं. "हा वेलास्को काही कामाचा नाही. त्याचा चेंडू म्हणजे आमच्या कचेरीतली फाइल. ह्या टेबलावरून त्या टेबलावर, त्या टेबलावरून पुन्हा पहिल्या टेबलावर, आणि निकाल लागायची वेळ आली की तिसराच कुणी घेऊन जातो!"

मी हसलो. एकटाच. मग मला रामकिसनरावांच्या मागे शोकेसवर वेलास्कोचा फोटो दिसला. चौकटीत. गणपतीच्या शेजारी.

रामकिसनरावांनी कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "जिंतूरकर साहेब," ते म्हणाले, "माणूस काम करायलाय. नवी पोरं हाताशी घेऊन करायलाय. त्याच्या कामाला तुम्ही फाइल म्हणायलात व्हय?"

"नाही, म्हणजे मी आपलं गमतीनं…"

"चहा घ्या. गार व्हायलाय."

तो चहा मी कसा प्यालो ते मलाच माहीत. निघताना उमानं धीर करून "मग तारखेचं…" असं म्हणून बघितलं. रामकिसनरावांनी दाराकडे बघत उत्तर दिलं, "बघू. घाई नाय."

परतताना शिफ्टच्या बसमागे आमची गाडी अडकली. मागच्या सीटवरून हिमानी म्हणाली, "बाबा, एकच वाक्य बोलायचं होतं."

"एकच तर बोललो."

घरी आल्यावर उमा म्हणाली, "पैठणी कुठल्या रंगाची घ्यायची ते मी मनात ठरवून, घडी घालून कपाटात पण ठेवली होती."

मी खंडाळकरांकडे गेलो. ते पेपर वाचत होते. "मी मत ठेवा म्हटलं होतं," ते म्हणाले. "ते बोलून दाखवा असं कुठं म्हटलं होतं?"

पुढच्या शनिवारी मी ठरवलं, की झालं ते निस्तरायचं. स्वतः बजाजनगरला जायचं, मंडळींबरोबर सामना बघायचा आणि वेलास्कोचं काहीतरी चांगलं दिसलं की मोठ्यानं 'वा!' म्हणायचं. हा बेत मला फार साधा वाटला होता. पण व्यायामशाळेच्या दारात पाय ठेवताच एक चाळिशीचा दणकट माणूस धावत आला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"फाइलवाले साहेब ना? या, या! मी सोमनाथ. अरे, साहेबांना खुर्ची द्या!"

एल्डरमूरच्या ह्या चाहत्यांत दोन तट होते. वेलास्कोला वेळ द्या म्हणणारे सबुरीवाले, त्यांचे प्रमुख रामकिसनराव. आणि वेलास्कोला घालवा म्हणणारे हटाववाले, त्यांचा पुढारी हा सोमनाथ. माझं फाइलचं वाक्य विश्वजीतनं विश्वासानं एका मित्राला सांगितलं होतं, त्या मित्रानं ग्रुपवर टाकलं होतं, आणि आठवडाभर हटाववाले सबुरीवाल्यांना सकाळ-संध्याकाळ नुसतं 'फाइल' एवढंच लिहून पाठवत होते. शहरातून एक विद्वान आपल्या बाजूनं आला, अशी सोमनाथची समजूत होती. मला हटाववाल्यांत, पहिल्या रांगेत बसवण्यात आलं. रामकिसनराव मधल्या वाटेपलीकडं, सबुरीवाल्यांच्या रांगेत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून टोचतो.

सामना सुरू झाला तसं भांडणही सुरू झालं.

"गोलकीपरनं बॉल घ्यायचा अन् लांब हाणायचा!" सोमनाथ ओरडला. "एवढं काय अवघड हाय?"

"हाणायचंच बघायचं तर क्रिकेट बघ की," रामकिसनराव म्हणाले.

"ह्याच्या आधीचा इटलीवाला बरा व्हता, मामा. एक गोल मारायचा अन् दाराला कुलूप लावून बसायचा."

"लावायचा कुलूप. अन् चावी समोरच्याला द्यायचा. विसरला का?"

"अन् तुमच्या ह्या वेलास्कोला आणून दोन हंगाम झाले की! काय उगवलं?"

"मोसंबी लावली का कधी?" रामकिसनराव शांतपणे म्हणाले. "चार-पाच वर्सं फळ धरत नाय. तवर रोज उकरून मुळ्या बघायच्या व्हय?"

मला हे फार आवडलं. मी 'वा!' म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी एल्डरमूरच्या गोलकीपरनं चेंडू शेजारच्याला दिला, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला, त्यानं परत गोलकीपरला, आणि मधल्यामध्ये समोरच्या टीमचा एक लाल केसांचा पोरगा तो घेऊन गेला. गोल. आणि माझ्या तोंडून आधीच निघालेला 'वा!' सगळ्या व्यायामशाळेनं ऐकला.

हटाववाल्यांनी टाळ्या वाजवल्या. "साहेब म्हणले तस्संच झालं!" सोमनाथनं मला मिठी मारली. रामकिसनराव उठले, चपला घातल्या आणि अर्ध्या सामन्यातून निघून गेले. ते तसे कधीच जात नाहीत, असं मला नंतर तीन जणांनी सांगितलं.

आता मला एकच मार्ग दिसत होता. चाहत्यांना जुन्या वैऱ्याविरुद्धचा पुढचा सामना मैदानावर मोठ्या पडद्यावर बघायचा होता. तशी रामकिसनरावांची फार दिवसांची इच्छा होती, पण परवानगी मिळत नव्हती. परवानगी! मी मनातल्या मनात उभा राहिलो. फुटबॉल मला येत नसेल, पण अर्ज माझ्याइतका चांगला कुणाला येतो? मी ग्रुपवर कळवलं, "परवानगीचं माझ्याकडे लागलं." रामकिसनरावांनी ते वाचलं, असं दोन निळ्या खुणांवरून दिसलं. बाकी काही नाही.

त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. खिडकीत एक तरुण बसला होता. मी माझी ओळख सांगितली. निवृत्त अव्वल कारकून.

"रांगेत या, काका," तो म्हणाला.

मी रांगेत गेलो. नंबर आल्यावर त्यानं अर्ज वाचला.

"सामना कुठं आहे?"

"इंग्लंडमध्ये."

"मग परवानगी इथं कशी मागता?"

"दिसणार इथं आहे."

"खेळाडू किती?"

"बावीस."

"त्यांच्या गाड्या कुठं लावणार?"

मी शांतपणे समजावलं, की खेळाडू पडद्यावर असतील. त्यानं कॉम्प्युटरकडे बघितलं आणि मान हलवली. "असा पर्यायच नाही, काका. लग्न आहे, जयंती आहे, सभा आहे, मिरवणूक आहे, सत्कार समारंभ आहे."

"आणि 'इतर'?"

"इतर दाबलं की सर्व्हर अडकतो. मग सगळ्यांचंच अडकतं." माझ्या मागची रांग अस्वस्थ झाली. तरुण तसा वाईट नव्हता. पुढं वाकून हळूच म्हणाला, "सत्कार टाकतो. सगळे सत्कारच टाकतात. सत्कारमूर्तीचं नाव?"

दुसरं नावच माझ्या डोक्यात नव्हतं. "वेलास्को," मी म्हणालो.

परवानगी हातात आली. श्री. वेलास्कर यांचा जाहीर सत्कार समारंभ, ध्वनिक्षेपकासह. खाली अट होती, की कार्यक्रम नमूद केल्याप्रमाणेच व्हावा. असल्या अटी कुणी वाचत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पोलीस चौकीतल्या हवालदारांनी ती वाचली.

"मी येणार हाय बघायला," ते म्हणाले. "सत्कार दिसला पाह्यजे. नुसता टीव्ही दिसला तर बंद करीन."

म्हणजे आता सत्कार करणं आलं. व्यायामशाळेत तातडीची बैठक झाली. सत्कार म्हणजे भाषण. भाषण कोण करणार? सोमनाथ म्हणाला, "माझ्या तोंडून त्याचं कौतुक निघायचं नाय. जीभ झडंल." सगळ्यांनी रामकिसनरावांकडे बघितलं. ते म्हणाले, "चार लोकांपुढं मला बोलता येत नाय." मग ते माझ्याकडे वळले. बैठकीच्या दिवसापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. "परवानगी तुम्ही आणली. भाषण तुम्हीच करा."

ही शिक्षा होती की संधी, मला कळलं नाही. मी हो म्हणालो.

चार दिवस मी वेलास्कोवर अभ्यास केला. त्याचं गाव, त्याचे आधीचे क्लब, त्यानं वर आणलेली पोरं, सगळं पाठ केलं. खंडाळकरांनी भाषणात शेवटी एक शेर घाला असं दाराबाहेरूनच सुचवलं. मी त्यांना ह्यावेळी दार उघडलं नाही.

शनिवारी दुपारी मैदानावर पोचलो तर पडद्याचे इकबालभाई बांबूवर चढले होते. "साब, टेन्शन नक्को लो!" ते वरून ओरडले. "पर्दा ऐसा बांधा, आंधी आई तो बी हिलता नै!" खाली दोर धरून रामकिसनराव उभे होते. शेजारी फ्लेक्स लागला होता. 'मा. श्री. वेलास्कर साहेब यांचा भव्य सत्कार.' फोटो बरोबर होता. फक्त फ्लेक्सवाल्यानं सवयीनं खाली 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' असंही छापलं होतं. खुर्च्या भरत होत्या. सत्कार म्हटल्यावर जेवण असेल अशा हिशेबानं आजूबाजूची बरीच माणसं आली होती. रामकिसनरावांच्या आई दगडाबाई खास पैठणहून एसटीनं आल्या होत्या आणि पहिल्या रांगेत बसल्या होत्या. उमा आणि सरूबाई त्यांच्या दोन बाजूंना. लग्न मोडत असताना विहिणींचं इतकं जमावं, हे मी कुठं पाहिलं नव्हतं.

आणि तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

सोमनाथनं वाचलं. "गेला!" तो ओरडला. "हाकलला! वेलास्कोला हाकलला!" हटाववाल्यांतल्या दोघांनी शिट्ट्या मारल्या. मग सोमनाथची नजर रामकिसनरावांवर गेली आणि तो हात वर केलेलाच थांबला.

रामकिसनराव सतरंजीच्या गुंडाळीवर बसले होते. दोर त्यांच्या हातातच होता.

"काढलं?" त्यांनी विचारलं.

"काढलं, मामा."

"आज? सामन्याच्या दिवशी?"

"व्हय."

मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्याला बोहल्यावरून उठवावं तसं ते होतं, आणि उठवलं होतं जणू त्यांनाच. सोमनाथ त्यांच्याजवळ गेला. त्यांच्या हातातला दोर घेतला आणि स्वतः बांधू लागला. "मामा, मी हटाव म्हणत व्हतो," तो खाली बघत म्हणाला, "पर असं नव्हतं म्हणलो."

तेवढ्यात हवालदार आले. "चला, सुरू करा. सत्कारमूर्ती कुठंयत?"

"ते येणार नाहीत," मी म्हणालो.

"असू द्या. चालतंय. भाषण करा."

मी माइकसमोर उभा राहिलो. चार दिवस पाठ केलेलं सगळं आता निरुपयोगी होतं. जो माणूस कामावर होता त्याचं ते कौतुक होतं. जो गेला, त्याचं वेगळं करावं लागतं. आणि ते मात्र मला येत होतं. मी निरोप समारंभ फार बघितले आहेत. माझा स्वतःचाही बघितला. खुर्चीत हार घालून बसवतात, सगळे चांगलं बोलतात, आणि सोमवारी तुमच्या टेबलावर दुसरा माणूस असतो. मला त्या सोमवारची आठवण झाली आणि मी बोलायला लागलो.

"मला फुटबॉल कळत नाही," मी म्हणालो. "रामकिसनरावांच्या घरी बसून मी ह्या माणसाची टिंगल केली. ती मला खंडाळकरांनी… ते जाऊ द्या. नंतर मी त्याचे खूप सामने बघितले. बघताना मला एक दिसलं. चेंडू मागे देणारा पोरगा मागे वळून बघत नाही. बघायची गरजच नसते त्याला. मागे आपला माणूस उभा आहे, हे त्याला माहीत असतं. ह्या साहेबांनी त्या पोरांना तेवढं शिकवलं. कधी तो माणूस जागेवर नसतो आणि गोल होतो. मग आपण हसतो. मी हसलो होतो. पण मी इतकी वर्षं नोकरी केली, आणि मागे न बघता मी कुणाला काही दिलं असेल असं मला आठवत नाही."

जेवणाच्या हिशेबानं आलेली माणसंही ऐकत होती.

"त्यांचं काम त्यांना पुरं करू दिलं नाही," मी म्हणालो. "पण दर शनिवारी त्यांच्यामुळे तुम्ही त्या पत्र्याखाली जमलात. भांडलात, पण जमलात. मी निवृत्त झाल्यापासून मला कुणी भांडायलासुद्धा बोलावलं नव्हतं. ह्यांच्यामुळे बोलावलं. म्हणून मी त्यांचा आभारी आहे. त्यांना हे कळणार नाही. पण आभार मानायला माणूस समोर असायलाच पाहिजे असं नाही."

मला आणखी बोलायचं होतं, पण मी माइकसमोरून बाजूला झालो. हवालदारांनी पहिली टाळी वाजवली.

मग शाल उरली. शाल पांघरायची कुणाला? सोमनाथ फोटोकडे बघत होता, मी सोमनाथकडे. तेव्हा पहिल्या रांगेतून दगडाबाई काठी टेकत उठल्या.

"तो माणूस नाय ना आला?"

"नाही, आजी."

"मग रामकिसनला घाला. सणवार नाय, सोयरं-धायरं नाय, सदा त्याचंच बोलायलाय. आपल्या मेलेल्या बापाचं बी येवढं बोलत नाय तो."

सगळं मैदान हसलं. रामकिसनराव नको नको म्हणत होते, पण सोमनाथनं त्यांना धरून आणलं. मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. ते मला काहीतरी म्हणणार होते. ओठ हलले. मग त्यांनी नारळासकट दोन्ही हात माझ्या हातावर ठेवले आणि तसेच उभे राहिले. छायाचित्रात आम्ही दोघं मिळून तो नारळ पळवत असल्यासारखे दिसतो. ते छायाचित्र आमच्या दिवाणखान्यात आहे.

हवालदारांचं समाधान झालं. ते जायला निघाले आणि गेले नाहीत. सोमनाथच्या शेजारी बसून त्यांनी अख्खा सामना बघितला.

एल्डरमूर पहिल्या अर्ध्यात एका गोलनं मागे पडलं. एरवी ओरडले असते, आज कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या अर्ध्यात त्यांच्या गोलकीपरनं चेंडू शेजारच्याला दिला. शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याला. मागे, बाजूला, पुन्हा मागे, मग मधल्या पोराकडे. मी रामकिसनरावांच्या शेजारी बसलो होतो आणि आमच्या दोघांच्या मुठी वळल्या होत्या. तिथून उजवीकडे, तिथून आत, आणि एका बुटक्या पोरानं न बघता टाच लावली ती थेट दुसऱ्याच्या पायात. गोल! सगळ्या अकरा जणांचा हात, म्हणजे पाय, त्याला लागला असेल. त्या पोरांनी गोलचा जल्लोष केला नाही. ती मैदानाच्या कडेला पळत गेली, जिथं एरवी वेलास्को उभा असायचा, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघून टाळ्या वाजवू लागली.

रामकिसनराव शालीनं डोळे पुसत होते. त्यांच्या पलीकडं सोमनाथ हवालदारांच्या रुमालानं.

सामना बरोबरीत सुटला. खुर्च्या आवरताना दगडाबाईंनी विचारलं, "ते पोराच्या लग्नाचं काय झालं रं?"

मी चप्पल शोधू लागलो. उमा आणि सरूबाई श्वास रोखून उभ्या होत्या. हिमानी आणि विश्वजीत पडदा उतरवणाऱ्या इकबालभाईंना मदत करण्याचं नाटक करत होते.

"काय व्हायचंय?" रामकिसनराव म्हणाले. "मपल्या बाजूनं पक्कंच व्हतं. मी जिंतूरकर साहेबांवर रुसलो व्हतो, पोरीवर नाय." मग माझ्याकडे वळले. "पैठणला करू. बागेत जागा लई हाय. चालंल का?"

मला उत्तर द्यायची गरज पडली नाही. उमानं सरूबाईंना मिठी मारली होती आणि दोघी जांभळ्या रंगाच्या पैठणीबद्दल बोलत होत्या.

लग्न छान झालं. त्याचं वर्णन करत नाही, कारण माझ्या मुलीचं लग्न म्हणजे मला सगळंच छान वाटणार. बजाजनगरचे सबुरीवाले आणि हटाववाले एकाच टेम्पोतून आले आणि येताना भांडतच आले. कारण मधल्या काळात एल्डरमूरनं नवा मॅनेजर नेमला होता. ग्रिमशॉ नावाचा एक लालबुंद गृहस्थ. ह्याच्या राज्यात गोलकीपर चेंडू हातात घेतो आणि आभाळात भिरकावतो. मग सगळे वर बघत उभे राहतात. सोमनाथला वाटलं होतं आपण जिंकलो. दोनच सामन्यांत त्याची मान दुखायला लागली. आता तो म्हणतो, "मामा, तुमचा वेलास्को बरा व्हता." रामकिसनराव त्याला 'मी म्हणलो नव्हतो का' असं एकदाही म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी त्यांना मनातून रोज एकदा नमस्कार करतो.

खंडाळकर मला म्हणतात, की एवढ्या लांब दर शनिवारी कशाला जाता? घरी बसून मोबाइलवर दिसतं की. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांचेही उपकार आहेत. त्यांनी तो भलता सल्ला दिला नसता तर मी त्या दिवशी पाऊसपाण्याचं बोलून, चहा पिऊन, व्याह्यांना लांबून नमस्कार करणारा माणूस होऊन परत आलो असतो.

परवा शनिवारी जरा कणकण होती. उमा म्हणाली, आज जाऊ नका. मी पडून राहिलो होतो. संध्याकाळी फोन वाजला.

"यायलात ना इवाई?" रामकिसनरावांचा आवाज. व्याह्याला ते इवाई म्हणतात. मागे सोमनाथ कुणाशी तरी तंडत होता.

"आज जरा अंग मोडून आलंय हो."

"बरं मग, पडा," ते म्हणाले. आणि मग अगदी हळू, जणू शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, "पर आज तो ग्रिमशॉ नुसता बॉल हाणणार. एकट्याच्यानं बघवत नाय."

मी उठलो, सदरा घातला आणि उमाला म्हणालो, "मफलर दे."